थेरन गव्हर्नर होता तो हिवाळा

९ जानेवारी १९११

शपथविधी पार पडला. थंडी अशी की बँडवाल्यांच्या तुताऱ्या गोठल्या आणि शेवटी नुसता ढोल वाजत राहिला. थेरनने टोपी काढून उघड्या डोक्याने शपथ घेतली. मी मागून कोट ओढत म्हटलं, "डोकं झाक." तर पुटपुटतो कसा, "व्हिनी, आजचा दिवस तरी मला चारचौघांत रागावू नकोस."

भाषण पाचच मिनिटांचं, आणि त्यात दुसरा विषयच नाही. या राज्यातल्या प्रत्येक कोळसाखाणीला बाहेर पडायची दुसरी वाट असलीच पाहिजे, एक बंद झाली तर माणसं दुसरीने वर आली पाहिजेत, बस्स. पुढच्या रांगेत कंपन्यांची माणसं बसली होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या, पण हातमोज्यांतून आवाज काही आला नाही.

उपगव्हर्नर वॉरन कॉथ्रेन यांनी माझा हात धरून मला बर्फाच्या पायऱ्या उतरवल्या. देखणा, अदबशीर माणूस. आईची चौकशी करावी तशी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. थेरनला हा माणूस का आवडत नाही कोण जाणे. म्हणे, "पक्षाने मला खाणकामगारांच्या मतांसाठी घेतला आणि त्याला खाणमालकांसाठी. आम्ही एका जोखडाला जुंपलेले बैल आहोत, पण तोंडं दोन दिशांना."

संध्याकाळच्या मेजवानीत भाजलेलं बदक होतं. थेरनने सूपच घेतलं.

१५ जानेवारी

गव्हर्नरांचं घर म्हणजे आगगाडीचं स्टेशन आहे. सारखा कोणीतरी आलेला, कोणीतरी निघालेला. बैठकीतले पडदे इतके विटलेत की मूळचा रंग ओळखू येत नाही. मी हिरवं मखमल मागवायचं म्हटलं तर थेरन म्हणाला, "कशाला? असू देत जुनेच."

"चार वर्षं राहायचंय इथे," मी म्हटलं.

तो वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाला, "पुढच्या बाईला तिच्या आवडीचे लावू दे." आणि ब्लॅकफोर्कच्या आमच्या घरून माझा पियानोही आणू देत नाही. कंजूषपणा हा त्याचा स्वभाव नव्हे. मोठ्या घराचं दडपण आलं असावं.

त्याची तब्येत काही मनासारखी नाही. पोटात दुखतं, त्यावर तपकिरी बाटलीतले थेंब घेतो. म्हणतो जठराचा दाह आहे. आता तो स्वतःच डॉक्टर, आणि डॉक्टरलाच काय झालंय हे डॉक्टरखेरीज कोणाला कळणार?

२९ जानेवारी

कोवाचबाई ब्लॅकफोर्कहून आल्या होत्या, आणखी दोघी खाणकामगारांच्या बायका घेऊन. विधिमंडळात थेरनच्या दुसऱ्या वाटेच्या बिलावर साक्ष द्यायला. मी त्यांना स्वयंपाकघरातच बसवलं, बैठकीत त्या अवघडल्या असत्या. कॉफी आणि मक्याचा पाव दिला.

तीन वर्षांपूर्वी खाणीला आग लागली तेव्हा कोवाचबाईंचा नवरा आणि थोरला मुलगा खाली राहिले. वाट एकच, आणि तीच पेटलेली. थेरन खाणीच्या तोंडाशी बसून होता, पट्ट्या आणि औषधं मांडून. वर कोणी आलंच नाही. खालची माणसं लोखंडी नळावर ठोकत होती, ते ऐकू येत होतं, आणि मग ते थांबलं. घरी आल्यावर तो मला एवढंच म्हणाला होता, "मी काहीही केलं नाही, व्हिनी. करायला काही नव्हतंच." मग हा शांत माणूस निवडणुकीच्या फंदात पडला.

कोवाचबाई त्याला निरखून बघत होत्या. निघताना मला दाराशी म्हणाल्या, "डॉक्टर फार उतरलेत."

"कामाचा ताण," मी म्हटलं.

"माझी आई अशीच उतरली होती," त्या म्हणाल्या, आणि शाल डोक्यावर घेऊन गेल्या. मला राग आला. लोकांना अभद्र बोलल्याशिवाय राहवत नाही.

७ फेब्रुवारी

बिल खालच्या सभागृहात मंजूर! सचिव पिंकहॅम धापा टाकत सांगायला आला. हा पिंकहॅम जाडा, चष्मेवाला, आणि थेरनवर त्याची एवढी भक्ती की थेरन शिंकला तरी टिपून ठेवेल. आता सिनेट उरली, आणि मग थेरनची सही.

थेरनने त्याला विचारलं, "सिनेटमध्ये कधी?"

"अध्यक्षस्थानी कॉथ्रेनसाहेब. त्यांच्या मनात येईल तेव्हा."

"मग थांबायचं," थेरन म्हणाला. "थांबता येईल तोवर."

दुपारी तो जिन्यात मध्येच बसला. मी धावले तर हसून म्हणतो, "नक्षी बघतोय कठड्याची." कपाळावर घामाचे थेंब.

१२ फेब्रुवारी, रविवार

आमचं भांडण झालं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं नव्हतं झालं.

कॉथ्रेनसाहेब संत्री घेऊन आले होते. त्यांनी मला दक्षिणेतल्या ऊन पाण्याच्या झऱ्यांबद्दल सांगितलं. त्यांच्या एका काकांना तिथे झोळीत घालून नेलं होतं, ते महिन्याभरात चालत परतले. मी थेरनला म्हटलं, आपण जाऊ. तो म्हणाला, नाही.

"का नाही?"

"नदी ओलांडली की मी गव्हर्नर नाही. पलीकडच्या काठावर माझा पाय पडला की त्या क्षणापासून इथे कॉथ्रेन गव्हर्नर. घटनाच तशी आहे."

"मग चार दिवस त्याला मिरवू दे ना. खुर्ची काय पळून जातेय?"

"बिलावर सही झाली की जाऊ. तू म्हणशील तिथे. चंद्रावर ने."

"आणि तोवर तू राहिला नाहीस तर?"

हे माझ्या तोंडून कसं गेलं कळलं नाही. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. वाटलं काहीतरी सांगणार. मग म्हणाला, "तू संत्रं सोल. मी एक फोड खातो."

एकच खाल्ली, तीही माझ्यासाठी.

पुरुषांना खुर्ची मिळाली की सुटत नाही. थेरनही त्यातलाच निघेल असं वाटलं नव्हतं.

१८ फेब्रुवारी

मी ठरवलं. इथे लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

कॉथ्रेनसाहेब पुन्हा आले. मी त्यांच्यासमोर रडले, माझंच मला नवल वाटलं. ते म्हणाले, "बाईसाहेब, डॉक्टरांसारखी माणसं स्वतःहून कधी विश्रांती घेत नाहीत. कोणीतरी त्यांच्यासाठी निर्णय घ्यावा लागतो." त्यांच्या एका मित्राचा खासगी डबा आहे, आत पलंग आहे, शेगडी आहे. तो बुधवारच्या गाडीला जोडून देतील. सकाळचीच गाडी धरा म्हणाले, दुपारची नको.

मी विचारलं, "पण त्यांचं ते बिल?"

"सिनेटमध्ये शुक्रवारच्या आधी येणार नाही असं मी पिंकहॅमना कळवलंय. आणि आलं तरी, मी काय परका आहे? राज्याच्या हिताचं असेल तेच होईल."

केवढा धीर आला. त्यांनी एवढंच सांगितलं की पिंकहॅमच्या कानावर घालू नका, तो कागद घेऊन मागे धावेल. हेही खरंच.

थेरनला सांगायचं की दोन दिवस ब्लॅकफोर्कला घरी जाऊ, शुक्रवारी परत. तो तयार झाला. घराचं नाव काढल्यावर त्याचा चेहरा असा झाला की मला लाज वाटली. पण झऱ्यांवर तो बरा झाला की तोच मला हसेल.

२२ फेब्रुवारी

गाडीत बसल्यावर त्याने डबा पाहिला. मखमली खुर्च्या, पितळी दिवे. "हा कोणाचा थाट?"

"कॉथ्रेनसाहेबांनी सोय केलीय."

कपाळाला आठी पडली. "येताना साध्या डब्यातून यायचं," म्हणाला, आणि पलंगावर आडवा झाला. त्याला फार दुखत होतं. मी गरम दुधात तपकिरी थेंब घातले, नेहमीपेक्षा जास्त. त्याने माझ्या हातून ते मुकाट पिऊन टाकलं. ब्लॅकफोर्कचा फाटा मागे गेला तेव्हा तो लहान मुलासारखा झोपला होता. मग नदी आली. पूल ओलांडताना मी त्याचा हात धरून बसले होते. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. वाटलं, आता हा माझा.

दुपारी त्याला जाग आली. खिडकीबाहेर सपाट शेतं. आमच्याकडे सपाट काही नाही.

"कुठे आलोय?"

मी सांगितलं. झरे, डबा, सगळं. बोलता बोलता माझा आवाज बारीक होत गेला. मग त्याने विचारलं, "आज कोणता वार?"

"बुधवार. बिल तर शुक्रवारी आहे, थेरन. मी विचारून घेतलंय."

"कोणाला?"

"कॉथ्रेनसाहेबांना."

त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "मला उठव."

पुढच्या स्टेशनवर तो उतरला. एका हमालाच्या खांद्यावर भार टाकून तारघरात गेला आणि बराच वेळ आत राहिला. मी फलाटावर सामानापाशी उभी, रागाने धुमसत. बाहेर आला तेव्हा चेहरा राखेसारखा. मला वाटलं आता ओरडेल. मी तयारच होते, माझ्याकडेही बोलायला पुष्कळ होतं. पण तो बाकावर बसला आणि म्हणाला, "ये, बस माझ्याजवळ. परतीच्या गाडीला वेळ आहे."

"तू जगावास म्हणून केलं मी."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "तेवढं तर माहीतच आहे."

परतीच्या गाडीत साध्या डब्यात गर्दी होती. एका शेतकरणीने त्याला पाय पसरायला जागा करून दिली.

२४ फेब्रुवारी

पिंकहॅम माझ्याशी बोलत नाही. काल अभ्यासिकेचं दार उघडं होतं. थेरनचा आवाज ऐकू आला, "मीच गेलो. दुखणं सोसवेना, घाबरलो. विचारतील त्यांना हेच सांगायचं. आणि पिंकहॅम, तिला एक अक्षर कळता कामा नये. शपथ घे."

"साहेब, लोक काय म्हणतील..."

"म्हणू देत."

बायकोने आपल्याला औषध पाजून पळवलं हे जगाला कळू नये म्हणून त्याची ही धडपड. पुरुषाची अब्रू! मला थोडं हसू आलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं. मीही ते कोणाला सांगणार नाही.

वर्तमानपत्रं दोन दिवस आलीच नाहीत. बर्फामुळे असेल.

२८ फेब्रुवारी

आज थेरनला खुर्चीसकट उचलून सिनेटमध्ये नेलं. त्याने हट्टच धरला. बिलावर काही पेच पडलाय, पुन्हा मतदान, यावेळी तीन हिश्श्यांपैकी दोन हिस्से मतं लागतात म्हणे. मी सज्जात बसले होते. या कामकाजातलं मला काही कळत नाही. मंजूर झालेल्या बिलावर पुन्हा मतं कशाला?

तो खुर्चीत बसूनच बोलला. आवाज सज्जापर्यंत पोचत नव्हता, पण सभागृह चिडीचूप होतं. नळावर ठोकणाऱ्या माणसांबद्दल बोलत असावा, कारण त्याने खुर्चीच्या हातावर बोटाच्या सांध्याने ठोकून दाखवलं. एक म्हातारा सिनेटर डोळे पुसू लागला. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "डॉक्टर, डबा कसा होता हो? गाद्या मऊ होत्या ना?" आणि हशा पिकला.

थेरन थांबला. उत्तर देईल असं वाटलं, तो कोणाला असं सोडत नाही. त्याने मान वर करून सज्जाकडे, माझ्याकडे पाहिलं. मग नुसतं म्हणाला, "मऊ होत्या. मतदान घ्या."

मतं कमी पडली. कॉथ्रेनसाहेब अध्यक्षांच्या आसनावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

५ मार्च

तो आता उठत नाही. आज त्यानेच मला सांगितलं. दाह वगैरे काही नाही. निवडणुकीनंतर आठवड्याभरातच पोटातली गाठ त्याच्या स्वतःच्या हाताला लागली होती. त्याला माहीत होतं.

"मग पद सोडून का नाही दिलंस? मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू सकाळ-संध्याकाळ रडत माझ्याकडे बघत बसली असतीस. मला तू रागावलेलीच आवडतेस." मग म्हणाला, "वाटलं होतं, तेवढी एक सही होईल."

"झऱ्यांवर गेलो असतो तर?"

"तर ऊन पाण्यात मेलो असतो."

मी त्याच्या उशाशी डोकं ठेवलं. त्याने माझ्या केसांतून हात फिरवला. हातात जोर नव्हता.

९ मार्च

थेरन आज सकाळी गेला. खिडकीतून ऊन येत होतं. त्याने पाणी मागितलं, मी पेला घेऊन वळले तोवर.

१३ मार्च

त्याला ब्लॅकफोर्कला आणलं, त्याच्या इच्छेप्रमाणे. पाद्री, पिंकहॅम, राजधानीतले चार टोपीवाले, एवढेच होते. या गावातली निम्मी मुलं थेरनच्या हातात जन्मली. मला वाटलं होतं रस्ता फुलून जाईल. खाणीच्या वस्तीतून शवपेटी गेली तेव्हा दारं बंद होती. पडद्यांआड माणसं उभी असलेली मला दिसत होती.

इतका कृतघ्न असतो माणूस.

१६ मार्च

कोवाचबाई आल्या. हातात पाव, फडक्यात गुंडाळलेला. उंबऱ्याच्या आत येईनात. "मेलेल्याच्या घरी रिकाम्या हाताने येऊ नये असं आमच्यात आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून आणला. तुमच्यासाठी नाही."

मी म्हटलं, "त्याने तुमच्यासाठी जीव टाकला, आणि तुम्ही दारं लावलीत."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वेडी आहे की ढोंगी हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"बाई, जीव आमच्यासाठी टाकला? सिनेटने बिल पास केलं त्या सकाळी तुमचे डॉक्टर कंपनीच्या डब्यात बसून नदीपार होते. तिकडे पूल ओलांडला, इकडे कॉथ्रेनने गव्हर्नर म्हणून बिल फेटाळलं. घटकाभरात. लोक म्हणतात, किती घेतले? मी म्हणत होते, नाही, आमचा डॉक्टर तसा नाही. पण ते स्वतःच म्हणाले ना, मी घाबरून गेलो म्हणून. छापून आलंय." त्यांनी पाव उंबऱ्यावर ठेवला. "माझा धाकटा आता खाली जातो. एकाच वाटेने."

मी दाराला धरून उभी राहिले. त्या गेल्या तरी तिथेच होते.

पिंकहॅम अजून गावातच उतरला होता, तिन्हीसांजेला त्याला बोलावलं. मी विचारायच्या आधीच त्याला कळलं. चष्मा काढून पुसत बसला. "त्यांनी शपथ घातली होती, बाईसाहेब."

बुधवारची सकाळची गाडी. दुपारची नको. मी त्या माणसासमोर रडले होते.

१७ मार्च

काही लिहवत नाही. त्याने सज्जाकडे पाहिलं होतं.

१९ मार्च, रविवार

पिंकहॅम नको म्हणत होता. म्हणाला, "त्यांनी जे झाकलं ते तुम्ही का उघडता? त्यांची शेवटची इच्छा होती." मी म्हटलं, "आयुष्यभर त्याच्या सगळ्या इच्छा मी मोडत आले. ही एक का पाळू?"

खाणकामगारांच्या सभागृहात गेले. प्रार्थनेनंतर सगळे तिथेच जमतात. मी आत आल्यावर बोलणं थांबलं. म्हातारा ग्विलिम, जो खाणीत जन्मल्यासारखाच दिसतो, त्याने विचारलं, "काय हवंय, बाई?"

"बोलायचंय."

"बोला. दार उघडंच आहे, नको वाटलं तर आम्ही जाऊ."

मी सगळं सांगितलं. दूध, थेंब, ब्लॅकफोर्कला जातोय हे खोटं, कॉथ्रेनची संत्री. तो पूल झोपेत ओलांडला गेला, मी हात धरून बसले होते आणि मला आनंद झाला होता, हेही सांगितलं. तो जागा होताच उतरला. मग माझ्यावर बोल येऊ नये म्हणून सगळं स्वतःवर घेऊन मेला. एवढं सांगून मी थांबले. रडले नाही. ते रडणं मी चुकीच्या ठिकाणी खर्चून बसले होते.

एक बाई मुलाला उचलून बाहेर निघून गेली. मग ग्विलिम म्हणाला, "म्हणजे डॉक्टरवर आता रागावता येणार नाही आम्हाला."

"नाही."

"आणि तुमच्यावर?"

"ते तुम्ही ठरवा."

कोवाचबाई भिंतीपाशी होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

२३ मार्च

राजधानीच्या वर्तमानपत्रात कॉथ्रेनचं निवेदन आलंय. गव्हर्नर कॉथ्रेन. दुःखाने भ्रमिष्ट झालेल्या एका विधवेबद्दल त्यांना मनापासून सहानुभूती आहे. माझ्या ताईचं बोलावणं आलंय, तिच्याकडे राहायला ये म्हणून. मी नकार कळवला.

२६ मार्च, रविवार

सकाळी फुलं घेऊन दफनभूमीत गेले, तर फाटकाशीच थांबावं लागलं. टेकडीचा उतार माणसांनी भरला होता. खाणीतले पुरुष टोप्या हातात घेऊन, बायका काळ्या शालींत. लांबच लांब रांग, आणि एकेक जण थेरनच्या मातीपाशी जाऊन उभा राहत होता. ग्विलिमने गुडघे टेकले, आणि त्याला उठवायला दोघे लागले. कोवाचबाईंनी धाकट्याला पुढे ढकललं आणि कानात काहीतरी सांगितलं. तेव्हा त्याने हात लावून माती नीट केली.

मी भिंतीबाहेरच उभी राहिले. सगळे माझ्या शेजारून बाहेर पडले. कोणी शिवी दिली नाही, कोणी थांबलंही नाही. मुलांना बायकांनी दुसऱ्या बाजूला घेतलं.

त्यांनी त्याला परत घेतलं. मला नाही. मी तेवढंच मागायला गेले होते.

सगळे गेल्यावर मी आत गेले.